नव्या पोराला मशीनवर तयार करताना : वर्कशॉपच्या सुपरवायझरसाठी पायरीपायरीनं

बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत, उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, नवीन पोरगं कामाला लागलं की त्याला शिकवायची रीत ठरलेली आहे. जुन्या ऑपरेटरच्या बाजूला उभं करायचं, "बघत राहा, हळूहळू येईल" म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. महिन्याभरात ते पोरगं पीस लावायला-काढायला लागतं. वर्षानं बघावं तर अजून पीसच लावतंय-काढतंय. मधेच जुना ऑपरेटर भातकापणीला चार दिवस गावी जातो आणि मशीन बंद पडून राहतं.

तुम्ही नुकतेच ऑपरेटरचे सुपरवायझर झाला असाल, किंवा वडिलांच्या शेडमध्ये आता स्वतः बसायला लागला असाल, तर हे तुमच्यासाठी. माझं काम सीएनसी लेथवरचं (पीस फिरवून कापणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), म्हणून उदाहरणं तिथली दिली आहेत. फौंड्री, फॅब्रिकेशन, पॅकिंग, अगदी डिस्पॅचच्या टेबलालाही हीच पद्धत लागू पडते, फक्त कामाची नावं बदलतात. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. काम करता करता शिकणं आपोआप होत नाही. प्रॉडक्शनच्या प्लॅनमध्ये शिकवायचा वेळ लिहिलेला असेल तरच ते होतं. रोज अर्धा तास पुरतो, पण तो लिहिलेला हवा आणि मालकाला माहीत असलेला हवा. नाहीतर गाडी भरायची घाई आली की पहिला बळी त्याच अर्ध्या तासाचा जातो.

आधी एवढं जमवून ठेवा

- एक जाड बांधीव वही. सुटे कागद कूलंटमध्ये भिजतात नाहीतर चहाच्या कपाखाली जातात.
- भिंतीवर लावायला व्हाइटबोर्ड.
- फोटो काढायला मोबाईल आणि फोटो छापून प्लास्टिकमध्ये बंद करून देणारा जवळचा झेरॉक्सवाला.
- शिकण्यापुरता एक मायक्रोमीटर, एक व्हर्नियर आणि एक बोअर गेज (बोअर म्हणजे पीसमधलं गोल भोक, त्याचा व्यास मोजायचा). जुने चालतील, पण कॅलिब्रेशन झालेले असावेत. चुकीचं माप दाखवणाऱ्या गेजवर शिकलेला हात पुढे कुणावरच विश्वास ठेवत नाही.
- रिजेक्ट झालेल्या पीसची एक पेटी. सगळे भंगारात घालू नका, यातले निवडक लागणार आहेत.
- झिजलेल्या, तुटलेल्या इन्सर्टचा (टूलच्या टोकाला लावायच्या, धातू कापणाऱ्या बदलत्या तुकड्यांचा) एक डबा. हाही फेकू नका.

१. एका वेळी एकच काम निवडा

"लेथ शिकव" हे काम नव्हे. त्यात निदान दहा-बारा वेगवेगळी कामं आहेत: चिप (कापलेल्या धातूचा चुरा) साफ करणं, बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार किनार) काढणं, पीस मोजणं, चकमध्ये (पीस पकडून फिरवणाऱ्या भागात) लावणं, सायकल स्टार्ट करून लक्ष ठेवणं, इन्सर्ट बदलणं, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) मशीनला देणं, जॉ (चकचे पकडणारे भाग) बदलणं, बोअरिंग करून पीसच्या मापाचे सॉफ्ट जॉ तयार करणं, नवीन जॉबचं सेटिंग (मशीन त्या कामासाठी लावून घेणं), प्रोग्राममध्ये दुरुस्ती. ही सगळी वहीत उतरवा आणि कुठलं आधी, कुठलं नंतर ते ठरवा.

माझा क्रम असा: आधी मोजणं, मग बर काढणं, मग लावणं-काढणं, मग इन्सर्ट, मग ऑफसेट, आणि सेटिंग सगळ्यात शेवटी. बरेच जण मशीनपासून सुरुवात करतात, कारण पोराला मशीनचीच हौस असते. पण ज्याला चांगला पीस कुठला आणि वाईट कुठला हेच कळत नाही, त्याच्या हाती बटण देऊन तो शिकणार काय?

२. त्या कामाचा कागद तयार करा

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि सगळ्यात कामाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांमधले कसलेले कामगार सैन्यात गेले आणि अजिबात अनुभव नसलेली माणसं कामावर घ्यावी लागली. त्यांना झटपट तयार करायला सुपरवायझरांसाठी एक कार्यक्रम आखला गेला, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांत मुरला. त्यातून पुढे आलेला तीन रकान्यांचा कागद आजही आपल्या शेडला चालतो. पहिल्या रकान्यात काय करायचं, दुसऱ्यात कशाकडे लक्ष द्यायचं, तिसऱ्यात का.

"पीस चकमध्ये लावणे" याचा आमचा कागद साधारण असा आहे:

- जॉ आणि बसायची फेस (पीस टेकतो ती सपाट बाजू) ब्रशनं साफ करा. लक्ष: तिन्ही जॉच्या कोपऱ्यात बोट फिरवून नव्हे, टॉर्च मारून बघा. का: एक बारीक चिप राहिली तरी पीस तिरका बसतो, आणि चिप बोट कापते.
- पीस फेसला टेकवून धरा. लक्ष: पाय पेडलवर जाण्याआधी बोटं जॉच्या आत नाहीत ना. का: हायड्रॉलिक चक बोट आणि कास्टिंग यात फरक करत नाही.
- पेडल दाबा, पीस हातानं हलवून बघा. लक्ष: प्रेशरच्या काट्याकडे नजर. का: प्रेशर कमी असेल तर पीस सुटेल, पातळ भिंतीच्या पीसला जास्त असेल तर चकमध्ये गोल दिसलेला बोअर बाहेर काढल्यावर गोल राहत नाही.
- दार लावा, मग सायकल स्टार्ट.

एवढंच. एका कागदावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त झालं तर काम मोठं निवडलंय, त्याचे दोन करा. हा कागद ऑफिसात बसून लिहू नका. जो माणूस ते काम रोज करतो त्याच्या शेजारी उभं राहून, तो काय करतो ते बघून लिहा. तुम्हाला वाटतं तो अमुक करतो. प्रत्यक्षात त्यानं त्यात दोन गोष्टी स्वतःच्या डोक्यानं घातलेल्या असतात. खरी मेख तिथंच असते. "हे असं का करताय मामा?" असं विचारा. बहुतेकदा उत्तर येईल, "असंच, सवय." थोडं थांबा. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं कारण येतं.

'का' चा रकाना रिकामा ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. कारण माहीत नसलेली सूचना रात्रपाळीत सगळ्यात आधी गळते.

३. शिकवणारा माणूस नीट निवडा, आणि त्याचं नुकसान होऊ देऊ नका

सगळ्यात वेगवान ऑपरेटर सगळ्यात चांगला शिकवतो असं नाही. उलट, ज्याचा हात फार बसलेला असतो त्याला आपण काय करतोय हेच सांगता येत नाही. थोडं सावकाश बोलणारा, पोरानं तेच दोनदा विचारलं तरी न वैतागणारा माणूस शोधा. मोजायला शिकवायचं असेल तर इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या ताईंकडे बसवा. दिवसभर शेकडो पीस त्यांच्या हाताखालून जातात आणि कुठला ऑपरेटर माप कसं ढापतो हेही त्यांना पाठ असतं.

इथला मोठा खड्डा म्हणजे इन्सेन्टिव्ह. पीसवर पैसे मिळणारा माणूस शिकवत बसला की त्याचे पीस कमी होतात, म्हणजे त्याच्याच खिशातून पैसे जातात. मग तो पोराला बाजूला सारून स्वतः पीस ओढतो आणि तुम्ही म्हणता, "जुनी माणसं शिकवायला तयारच नसतात." शिकवण्याच्या दिवसांत त्याला मागच्या महिन्याच्या सरासरीनं इन्सेन्टिव्ह द्या. मालकाकडून हे आधी कबूल करून घ्या, तोंडी नको, वहीत सही घेऊन.

दुसरी भीती कुणी उघड बोलत नाही: पोरगं तयार झालं तर आपली किंमत कमी होईल. त्यावर एकच उपाय मला चाललेला दिसला. शिकवणाऱ्याला पुढची पायरी द्या. त्यानं ऑफसेट शिकवला तर त्याला सेटिंग शिकायला मिळू द्या. नुसत्या "तुम्ही सीनियर आहात" या कौतुकानं काही होत नाही.

४. भाषा आधी ठरवा

आपल्याकडे एकाच शेडमध्ये येळ्ळूर-खानापूरचा मराठी पोरगा, बैलहोंगल-गोकाककडचा कानडी, बिहार-ओडिशाकडून आलेला हिंदी बोलणारा आणि चंदगडहून रोज मोटारसायकलनं ये-जा करणारा असे चौघे एका मशीनभोवती असतात. बाहेर मराठी-कानडी बोर्डांवरून जे वाद व्हायचे ते होवोत, मशीनपुढे उभ्या माणसाला सूचना कळली नाही तर बोट त्याचं जातं.

म्हणून कागदावर फोटो मोठा आणि अक्षर कमी. फोटोवर १, २, ३ असे आकडे टाका आणि खाली एकेक ओळ मराठीत आणि कानडीत लिहा. कानडी ओळ मोबाईलच्या भाषांतरावर सोडू नका. शेडमधल्याच कानडी माणसाकडून लिहून घ्या, म्हणजे कामावर बोलतात तशी येते. चक, जॉ, टरेट, इन्सर्ट, ऑफसेट हे शब्द आहेत तसेच राहू द्या. त्यांची शुद्ध मराठी करायला जाल तर कुणालाच काही कळणार नाही.

आणि "समजलं काय?" हा प्रश्न बंद करा. "समजलं काय" म्हटलं की "होय की" येतं, कानडीत "तिळीतेन?" म्हटलं की "हौद्री" येतं, आणि दोन्हीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी म्हणा, "आता तू मला शिकव." तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलू द्या, तुम्ही त्याच्या हातांकडे बघा.

५. पहिला आठवडा : फक्त सुरक्षा आणि माप

पहिल्या दिवशी इमर्जन्सी स्टॉप कुठं आहे ते दाखवू नका, दाबायला लावा. प्रत्येक मशीनवर, तुमच्यासमोर. फिरत्या चकजवळ हातमोजे नकोत, चिप हातानं न ओढता हुकनं काढायची, एअर गननं अंगावरची धूळ उडवायची नाही, शर्टाच्या बाह्या सैल नकोत, हातातला कडा-धागा कामावर काढून ठेवायचा. धाग्यावरून पोरं नाराज होतात, घरचा नवस असतो. गळ्यात शर्टाच्या आत घाल म्हणून सांगा, ऐकतात. दाराचा स्विच बायपास केलेलं मशीन तुमच्या शेडमध्ये असेल तर आधी तो जोडून घ्या, तोवर शिकाऊ माणूस त्या मशीनवर उभा करू नका. पहिले काही महिने रात्रपाळीही नको. शिकवणारा दिवसा आणि शिकणारा रात्री असला की मधे काही उरत नाही.

मग माप. रिजेक्टच्या पेटीतले पाच पीस घ्या, इन्स्पेक्शनकडून मोजून घ्या, आकडे स्वतःच्या वहीत ठेवा. पोराला तेच पीस द्या आणि मोजून लिहायला सांगा. पहिल्यांदा आकडे इकडे-तिकडे जातील. मायक्रोमीटर आवळून धरतो का, रॅचेट (ठरलेल्या दाबाला घसरणारी मागची मूठ) वापरतो का, आधी शून्य तपासतो का, पीस पुसतो का, एवढं बघा. बोलू नका, फक्त बघा. मग एकेक दुरुस्त करा.

बोअर गेजला जास्त वेळ द्या, नवीन माणूस तिथं हमखास अडकतो. आधी गेज रिंगवर किंवा मायक्रोमीटरमध्ये शून्याला लावायचा. मग बोअरमध्ये घालून पुढे-मागे झुलवायचा. काटा एका बाजूला जातो, एका जागी थबकतो आणि परत फिरतो. जिथून परत फिरला तो आकडा खरा, कारण गेज तिरका असताना तो बोअर मोठाच दाखवतो. दुसरी गोम अशी की बहुतेक बोअर गेजवर काटा घड्याळाच्या दिशेनं पुढे गेला म्हणजे बोअर लहान आहे. पिन आत दाबली जाते म्हणून काटा पुढे जातो. नवीन पोराला "काटा पुढे म्हणजे माप मोठं" असंच वाटतं, कारण बाहेरचा व्यास मोजायच्या डायलवर त्यानं तसं बघितलेलं असतं. हे तोंडानं सांगून राहत नाही. एक लहान आणि एक मोठ्या बोअरचा पीस समोर ठेवा, दोन्हींत गेज घालायला लावा आणि काटा कुठं गेला ते त्यालाच सांगू द्या.

पाचही पीसचे आकडे तुमच्या वहीशी जुळायला लागले की पुढे जा. आठवडा म्हटलंय, पण कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला पंधरा.

६. दाखवा, करून घ्या, बाजूला व्हा

प्रत्येक कामाला हाच क्रम ठेवा. आधी त्याला काय येतं ते विचारा. आयटीआय झालेल्या पोराला व्हर्नियर पुन्हा पहिल्यापासून सांगितला तर त्याचा अपमान होतो. मग तुम्ही काम करून दाखवा, एकदा गप्प राहून नेहमीच्या वेगानं, एकदा सावकाश कागद वाचत, एकदा कारणं सांगत. मग तो करील. पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा काय करतोय ते बोलत, तिसऱ्यांदा का करतोय ते सांगत.

तिसरी फेरी टाळू नका. "चक का साफ केलास?" म्हटल्यावर "तुम्ही सांगितलंय म्हणून" असं उत्तर आलं तर अजून काम झालेलं नाही. "चिप राहिली तर फेस बसत नाही, लांबी चुकते" असं आलं की झालं.

ऑफसेटचं उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळ्यात जास्त पीस इथं मरतात.

४० एच ७ चा बोअर आहे, म्हणजे व्यास ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटर. गेज ४०.००२ दाखवतोय. इन्सर्ट झिजत चाललंय, पुढच्या पीसचा बोअर मापाच्या खाली जाणार, म्हणून १० मायक्रॉन (०.०१० मिलिमीटर) वाढवायचे आहेत. कंट्रोलच्या स्क्रीनवर वेअरच्या (झिजेच्या दुरुस्तीच्या) पानावर त्या टूलपुढे आधीचा आकडा आहे वजा ०.०६०. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ०.०१० टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर आकडा वजा ०.०५० होतो आणि बोअर ४०.०१२ येतो. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन तिथं अधिक ०.०१० बसतो. म्हणजे टूल एकदम ७० मायक्रॉननं सरकलं, बोअर ४०.०७२, पीस भंगारात. बटणं शेजारी-शेजारी, फरक एवढासा.

"लक्ष देऊन दाब रे" हा यावर इलाज नाही. वहीत पाच रकाने करा: आलेलं माप, हवं असलेलं माप, किती फरक, आधीचा ऑफसेट, नंतर दिसायला हवा तो ऑफसेट. बटण दाबण्याआधी पाचही भरायचे. दाबल्यावर स्क्रीनवरचा आकडा पाचव्या रकान्याशी जुळला तरच सायकल स्टार्ट. सुरुवातीला वेळ लागतो, ऑपरेटर हसतातही. हसू द्या. महिन्याभरानं पोरगं मनातच पाच रकाने भरायला लागतं, तेव्हा वही आपोआप सुटते.

दशांश चिन्हाचंही याच वेळी सांगून टाका. आकड्यात टिंब द्यायचं विसरलं तर काही मशीनवर १० म्हणजे १० मायक्रॉन धरले जातात, काहींवर १० मिलिमीटर. ते कंट्रोलच्या सेटिंगवर आहे. तुमच्या शेडमधल्या प्रत्येक मशीनचं काय आहे ते तपासा आणि नियम एकच ठेवा: टिंब दिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही.

७. एकट्यावर कधी सोडायचं

दिवस मोजून नाही. तीन गोष्टी बघा. पूर्ण शिफ्टमध्ये त्यानं घेतलेली मापं आणि इन्स्पेक्शनची मापं जुळतात का. कागद न बघता तो काम आणि कारण दोन्ही सांगतो का. आणि तिसरी, जी बहुतेक ठिकाणी होतच नाही: गडबड झाली तर त्याला ती दिसते का.

त्यासाठी मशीन बंद असताना मुद्दाम गडबड करून ठेवा. झिजलेलं इन्सर्ट डब्यातून काढून होल्डरला लावा. पीसच्या ढिगात दुसऱ्या जॉबचं, दिसायला सारखं कास्टिंग मिसळा. जुन्या सुधारणेचं ड्रॉईंग मशीनवर टांगा. मग त्याला काम सुरू करायला सांगा आणि सायकल स्टार्टच्या आधी तुम्ही थांबवणार हे ठरवूनच उभे राहा. त्यानं काही न बघता बटणाकडे हात नेला तर अजून थोडा वेळ हवा. चिडू नका. हा खेळ आहे हे आधी सांगितलेलं असेल तर पोरं उलट जास्त डोळे उघडे ठेवतात.

एकट्यावर सोडल्यावरही पहिले काही दिवस शिफ्टमध्ये दोन-तीनदा चक्कर मारा. आणि अडलं तर कुणाला हाक मारायची त्या माणसाचं नाव ठरवून द्या. "कुणालाही विचार" म्हटलं की कुणीच सापडत नाही.

८. भिंतीवरचा तक्ता

व्हाइटबोर्डवर डावीकडे नावं, वर कामं. प्रत्येक चौकोनात एक वर्तुळ. शिकायला सुरुवात केली की पाव भरा, कुणाच्या देखरेखीखाली जमतं तर अर्धं, एकट्यानं जमतं तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण.

हा तक्ता आडवा वाचला तर माणूस कळतो. उभा वाचला तर धोका कळतो. एखाद्या कामाखाली पाऊण किंवा पूर्ण वर्तुळ एकाचंच असेल तर त्याच्या सुट्टीत तुमचं मशीन थांबणार. आपल्याकडे सुट्ट्या तशा ठरलेल्याच असतात. जून-जुलैत भाताची लावणी, दिवाळीच्या मागेपुढे सुगी, गणपतीत सगळेच, आणि गावोगावच्या जत्रा. त्या तारखा तक्त्याच्या कोपऱ्यात लिहा आणि मागे मोजत या. गणपतीला सेटर गावी जाणार असेल तर दुसऱ्याला सेटिंग शिकवायला जूनमध्येच सुरुवात हवी, ऑगस्टमध्ये नव्हे.

पगारवाढ या तक्त्याला बांधा. कुठलं वर्तुळ भरलं की किती वाढ, हे आधी सांगा. "पोरगं शिकलं की शेजारच्या शेडमध्ये पाचशे रुपये जास्तीवर जातं" ही मालकांची कायमची तक्रार आहे. जातात, खरं आहे. पण वाढ कधी मिळणार हे ज्याला माहीत नाही तो आधी जातो, आणि मालकाची मर्जी बघून वाढ मिळते अशा शेडमधून सगळ्यात जास्त जातात.

९. पीस बिघडला तर

बिघडलेला पीस लपवला गेला तर शिकवण्याची सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे पहिला नियम: बिघडलेला पीस घेऊन जो स्वतः येतो त्याला त्या दिवशी ओरडायचं नाही. पीसवर मार्करनं तारीख आणि काय झालं ते लिहा, लाल पेटीत टाका, शनिवारी सगळ्यांसमोर पेटी उघडा. "कुणी केलं" हा प्रश्न बाजूला. "कागदात काय घालायला हवं होतं" हा विचारा आणि कागद तिथल्या तिथं बदला. रिजेक्शनचे पैसे शिकाऊ पोराच्या पगारातून कापणारे मालक मी बघितलेत. त्यांच्याकडची लाल पेटी कायम रिकामी असते आणि गिऱ्हाइकाकडून पीस परत येतात.

१०. अप्रेंटिस घेणार असाल तर कागदपत्रं

वरचं सगळं पगारी हेल्परला लागू आहे. अप्रेंटिस (कराराचा शिकाऊ उमेदवार) म्हणून घेणार असाल तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार करावा लागतो आणि तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलतं. विद्यावेतनाचे दर शिक्षणाप्रमाणे ठरतात आणि बदलत राहतात, म्हणून करार करायच्या दिवशी पोर्टलवर बघूनच आकडा घाला.

पोराकडून लागेल: आधार, एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर त्याचं सर्टिफिकेट, फोटो, चालू मोबाईल नंबर आणि ई-मेल, आधारशी जोडलेलं बँक खातं. तुमच्याकडून: पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, बँकेचा तपशील.

इथं अडतं ते नावात. मार्क्स कार्डवर कानडी पद्धतीनं आद्याक्षरं लावलेलं नाव, आधारवर आडनावासकट, आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग. ज्योतिबाचा कुठं जोतिबा झालेला असतो. पोर्टलवर बसण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. आधारमधली दुरुस्ती आधी, बँक नंतर. खातं नुसतं चालू असून भागत नाही, सरकारी पैसे आधारमार्फत जमा व्हायला ते जोडलेलं लागतं. बँकेत जाऊन खात्री करून घ्या.

दोन गोष्टी कायद्यात स्पष्ट आहेत आणि सर्रास मोडल्या जातात. अप्रेंटिसला पीसवर पैसे देता येत नाहीत, आणि अप्रेंटिस सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. गाडी अडली म्हणून त्याला रात्री थांबवायचा विचार आला तर हे आठवा. कायद्यात किमान वय १४ आणि धोक्याच्या कामाला १८ आहे. मशीनसाठी १८ पूर्णच धरा.

११. बाहेर कधी पाठवायचं

सगळं शेडमध्येच शिकवता येतं असं नाही. ड्रॉईंग वाचणं, भौमितिक टॉलरन्सच्या (आकारात किती फरक चालेल याच्या) खुणा, प्रोग्रामिंगचा पाया या गोष्टी मशीनच्या आवाजात डोक्यात जात नाहीत. त्यासाठी बेळगावात सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, ज्याला आपण जीटीटीसी म्हणतो. तिथं चौकशी करा. पण पोरगं पाऊण वर्तुळांपर्यंत आल्यावर पाठवा. त्याआधी पाठवलं तर तो सर्टिफिकेट घेऊन येतो आणि बोअर गेजचा काटा कुठल्या बाजूला गेला हे तरीही तुम्हालाच सांगावं लागतं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला त्यातलं काहीतरी हातानं करायला द्या, निदान एका जुन्या ड्रॉईंगवरून कामाचा नवा कागद लिहायला सांगा.